आईला विचारून केलेलं तेल

नुसता डोक्याला हात लावून माणसाच्या मनातलं सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती आमच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होती. आफ्रिकेतल्या घाना देशातली. शेतीचं शिकायला नागपुरात आली, शिकणं संपलं तरी राहिली. मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत तिला सगळे 'वरची' म्हणत, कारण तिचं खरं नाव घ्यायला गेलं की आमच्या ह्यांना ठसका लागे. मराठी ती भाजीबाजारात शिकलेली. पहिल्याच दिवशी किल्ली घेताना मला म्हणाली, "मावशी वं, नळ किती वाजता येते?" मी थक्कच झाले. सगळी नोकरी सरकारी कचेरीत शुद्ध मराठी टिपणं लिहिण्यात गेली माझी, आणि माझ्या उमरेडच्या माहेरची बोली पुन्हा घरात आणली ती घानाच्या भाडेकरणीनं!

तिचा धंदा केसांच्या तेलाचा. तिच्या देशात शिया नावाचं झाड असतं, त्याच्या बियांचं लोणी मागवायचं, आपलं खोबरेल, मेथी, जास्वंद घालायचं आणि उकळायचं. दर रविवारी तिच्या देशातून शिकायला आलेल्या मुली गच्चीवर जमत, आणि ही एकेकीच्या डोक्यावर चार-चार तास बारीक वेण्या घालत बसे. केस जसे उगवले तसेच वाढवायचे, सरळ करायचे नाहीत, हा तिचा धर्म. आणि ज्या डोक्याला हात लावला नाही, त्या डोक्याला तेल विकायचं नाही, हा नियम. आमच्या ह्यांना टक्कल, पण हौस दांडगी. पुढे जाऊन बसले. तिनं टकलावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकाजी, फ्रिजमधले पेढे तुम्हीच खाता." तेव्हापासून ती दिसली की हे टोपी घालत. मी हसले खरी, पण माझी पाळी आली तेव्हा हसू पळालं. माझ्या टाळूवरून बोटं फिरवत ती म्हणाली, "मावशी, तुले आईची आठवण येऊन लय दिवस झाले." माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि खरंच, त्या वर्षी तिच्या श्राद्धाची तिथीसुद्धा मी विसरले होते. हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

केसांच्या बाबतीत तर बाई भलतीच कडक. फरशीवर एक केस राहू देत नसे. मुली गेल्या की गुंतवळ गोळा करायची आणि घमेल्यात जाळून टाकायची. "केस म्हणजे माणूस आहे, मावशी. माणूस असा कुठीबी टाकत नसतात." मी म्हटलं, आम्हीपण गुंडाळी करून तीनदा थुंकतो आणि मगच फेकतो. नाहीतर भांडेवालीला देतो, ती केसांवर वाटी नाहीतर डबा देते. "ती काय करते त्याचं?" मी ऐकलेलं सांगितलं, की ते केस धुऊन, विंचरून परदेशातल्या बायकांच्या केसांच्या टोपांसाठी जातात. वरची घमेल्यातली राख काडीनं हलवू लागली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या डोक्यावर तुमच्या गावच्या बायका फिरून राहिल्या. अन् त्याहिले माहीतच नाही, आपल्या डोक्यावर कोण बसलं आहे." अगा बाप्पा! त्या दिवशी मी वेणीच घातली नाही. भांडेवालीलाही हात हलवून परत पाठवली. पण पुढच्या आठवड्यात तिच्या टोपलीत झाकणाची कढई पाहिली, आणि जीव तिच्यात अडकला.

तेल ती फक्त मे महिन्यात, भर दुपारी उकळायची. नागपुरातली मे महिन्याची दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, नुसती कूलरची घरघर. त्या घरघरीत मला वरून दोन बायकांचे आवाज ऐकू येत. एक हिचा. दुसरा जाड, म्हातारा, मधेच खोकून हसणारा. मी ह्यांना उठवलं तर म्हणाले, "फोनवर बोलत असन ती. झोपू दे वं." पण तिचा फोन आमच्याच ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता! मी ताकाचा तांब्या घेऊन वर गेले. शेगडीपुढे ती एकटी. हातात पळी, खिडकीत बिस्किटांचा एक जुना डबा.

"कोणाशी बोलत होतीस गं?"

"आईले विचारून राहिली, लवंगा किती."

इतकं सरळ सांगितलं की मी पाटावर बसलेच. आई तर ही इथे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच वारली होती. हिला जायला मिळालं नाही, माती द्यायलाही नाही. आईनं जन्मभर हेच तेल बाजारात विकलं, पण कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. आता जूनमध्ये ही कायमची परत जाणार होती, आईच्या नावाचं दुकान काढायला. "बाटलीवर नाव आईचं टाकून राहिली, मावशी. तेल आईचं नाही झालं, तर कोणत्या तोंडानं टाकू?" आई रोज दुपारी एकेक गोष्ट सांगे. आता फक्त शेवटची राहिली होती, उतरवताना घालायची. माझ्या हातातलं ताक गरम होऊन गेलं.

आणि त्याच आठवड्यात मी माती खाल्ली. वरची बाटल्या आणायला कळमेश्वरच्या कारखान्यात गेली होती, खिडक्या लावायला किल्ली माझ्याकडे. खिडकीतला डबा उघडून पाहिला, तर आत केसांचा गोळा. मला वाटलं, जाळायचा राहिला असेल. तेवढ्यात गल्लीत आरोळी आली, "केसांवर भांडेऽऽ!" मी माझं महिन्याचं गुंतवळ आणि तो गोळा, दोन्ही दिलं आणि कढई घेतली.

संध्याकाळी वरची खाली आली. हातात रिकामा डबा. "मावशी, माही आई कुठी गेली?" घानाहून निघताना विमानतळावर आईनं स्वतःचे केस विंचरून ते गुंतवळ तिच्या मुठीत ठेवलं होतं. मी कढई दाखवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं झाकण उचललं आणि रिकाम्या कढईत हात फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर एकच आवाज होता. विचारायचा, थांबायचा, पुन्हा विचारायचा. मला ऐकवेना. मी तोंडाला दुपट्टा बांधला, ह्यांनी ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा कोंबला, आणि कढई पायाशी ठेवून, वरचीला स्कूटीवर मागे बसवून निघाले. विचारत विचारत भांडेवालीचं कापडी पाल सापडलं उमरेड रोडला. आत केसांचा ढीग, माझ्या छातीपर्यंत. काळे, पांढरे, मेंदी लावलेले, किती घरच्या बायका एकमेकींत अडकून पडलेल्या! वारा नव्हता, तरी तो ढीग किंचित हलत होता, मी पाहिलं. भांडेवाली म्हणाली, "आता काय सापडते बाई! साऱ्या एक झाल्या."

वरची गुडघ्यांवर बसून तिच्या भाषेत हाका मारू लागली. मी दोन्ही हात ढिगात घातले. लहानपणी बाबांच्या हातमागावर तुटलेला धागा मी डोळे मिटून शोधून द्यायची, बोटांना कळायचं. तसे डोळे मिटले. आत गारवा होता, बाहेर डांबर वितळत असताना. चाचपता चाचपता काहीतरी माझ्या करंगळीभोवती गुंडाळलं गेलं आणि घट्ट धरून बसलं. मी हात बाहेर काढला. बारीक, राखाडी, कुरळ्या केसांचा गोळा. वरचीनं तो छातीशी धरला आणि मोठ्यानं रडली, मीही रडले. भांडेवालीनं तेवढ्यात कढई परत मागितली. दिली बाई.

दुसऱ्या दिवशी वर दोन आवाज आले. तेल उतरलं आणि जिना भरून वास खाली आला. शेवटी काय घातलं ते मी विचारलं नाही. जूनमध्ये ती गेली. जाताना माझ्या टाळूवर तेल जिरवलं आणि म्हणाली, "आता तुह्या आईले शोध, मावशी." तिच्या दुकानाचा फोटो आला आहे. पाटीवर आईचं नाव आहे, मला ते धड उच्चारता येत नाही. खोली आम्ही पुन्हा भाड्यानं दिली नाही.

यंदाच्या मे महिन्यात पेटी आवरताना माझ्या आईची लाकडी फणी सापडली. दातांत दोन पांढरे केस. ती घेऊन मी दुपारी वर गेले, शेगडी पेटवली, खोबरेल ठेवलं. वेडेपणाच, पण विचारलं, "आई, मेथी किती घालू?" कूलरची घरघर ऐकत बसले. खूप वेळानं जिन्यातून ह्यांची हाक आली, "अवं, कोण आलं वं वर? दोघींचा आवाज येऊन राहिला!"

मी ओ दिली नाही. आईचं सांगणं अजून संपलं नव्हतं.