कुब्याला राहिलेली अम्मा

माझ्या हातून अम्मा हरवली, तीही मदिनेत, आणि तीही माझ्याच शिवणकामामुळं. आज हसू येतं, पण त्या दिवशी तोंडचं पाणी पळालं होतं.

मी नळदुर्गचा शिंपी. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा आम्ही मुंबईहून बोटीनं हजला गेलो. जथ्यातल्या नऊ बायकांचे बुरखे मी एकाच थानातून शिवले, राखी रंगाचे. परक्या मुलखात आपलं माणूस लांबून ओळखू यावं, एवढाच हेतू. मदिनेत जियारतीचा, म्हणजे जुन्या पवित्र जागा पाहण्याचा दिवस उजाडला आणि माझा पाय जमिनीवर ठरेना. जन्मभर आम्ही पाहुण्यांना आमचा किल्ला दाखवला. आज आम्हीच पाहुणे! एका दिवसात पाच ठिकाणं होती.

पहिल्याच ठिकाणी, कुब्याच्या मशिदीत, अम्मा म्हणाली, "गुडघं लई दुखायलेत रे. जरा बसू दे की इथंच. मन भरलं न्हाय."

"अम्मा, उहुदचा डोंगर राहील ना!" मी खेकसलोच आणि पुढं पळालो. बसच्या दाराशी राखी बुरखे मोजले. नऊ भरले. चला!

उहुदला उतरल्यावर मी हर्षानं अम्माचा हात धरला. "बघ अम्मा, हाच तो डोंगर!" नकाब वर झाला आणि एक अनोळखी म्हातारी म्हणाली, "तू कुणाचा रे बाबा?" ती गुलबर्ग्याची होती. तिचा बुरखाही तसल्याच कापडाचा, आणि तीही बुरखे बघूनच आमच्या बसमध्ये चढली होती.

अरब ड्रायव्हरला मी हात जोडून "अम्मा, कुबा" एवढंच म्हणू शकलो. त्यानं काही न विचारता गाडी वळवली. वाटभर मी एकच दुआ मागितली: या अल्लाह, पाच ठिकाणं नकोत, माझी अम्मा दे.

कुब्याला अम्मा भिंतीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. एक अरब बाई तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी गप्पा चालल्या होत्या. मला पाहून अम्माचा चेहरा उतरला.

"इतक्यात आलास व्हय? म्या अल्लाहला म्हणलं हुतं, थोडं बसू दे."

मला रडू कोसळलं. मी जिला चूक म्हणत होतो, ती अम्माची कबूल झालेली दुआ होती. मोजणारा मी, पण पुरं करणारा अल्लाहच. त्याचे आभार मानायला आजही मला शब्द पुरत नाहीत.

गुलबर्ग्याची म्हातारी तिथंच तिला शोधणाऱ्या तिच्या माणसांत पोचली. आमच्या बसनं भोंगा वाजवला. मी जथ्याला पुढं जायला सांगितलं आणि अम्माशेजारी मांडी घालून बसलो. उरलेली तीन ठिकाणं मी आजवर पाहिलेली नाहीत. मन भरल्यावर अम्मा आपली आपणच उठली.