झेंड्याचं दुसरं टोक

ओहायोत मुलीकडे राहत होतो तेव्हाची गोष्ट. शेजारचे फ्रँक आजोबा रोज सकाळी अंगणात अमेरिकेचा झेंडा चढवत, संध्याकाळी उतरवत. त्याची त्रिकोणी घडी घालायला दोन माणसं लागतात, आणि झेंडा जमिनीला टेकता कामा नये. वीस वर्षं दुसरं टोक समोरचा डेल धरायचा. मग निवडणूक आली, दोघांच्या हिरवळीवर वेगवेगळ्या पक्षांच्या पाट्या लागल्या आणि बोलणं बंद झालं. रविवारी मात्र दोघं एकाच चर्चमध्ये आपापल्या पक्षाचं भलं मागत. देवाची केवढी पंचाईत!

त्या संध्याकाळी आजोबा एकटेच झेंड्याशी झटत होते. मला म्हणाले, "पाहुणे, जरा हात लावता?"

मी परेडला निघाल्यासारखा छाती फुगवून गेलो, आणि टोक ढिलं धरलं.

"अहो, ताणून धरा! खाली टेकेल!" समोरच्या व्हरांड्यातून डेल ओरडला.

"मग तूच ये की धरायला," आजोबा म्हणाले.

डेल उठला, पायऱ्या उतरला, आपल्या पाटीपर्यंत आला. तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि घरात निघून गेला. देश एक, देव एक, आणि चार पावलं चालवेनात.

"ताणून धरा हो," आजोबा हळूच म्हणाले, "तो खिडकीतून बघत असेल."