लोकरीखालचा कणा

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. रिटायर झाल्यावर पाच मेंढ्या पाळल्या होत्या. त्यातली सगळ्यात गुणी मेंढी व्यायला पंधरा दिवस असताना खाली बसली. उठेना, खाईना. पोट मात्र नगाऱ्यासारखं.

माझा नियम पक्का होता. शेवटच्या महिन्यात खुराक तोडायचा. दाणा दिला की पिल्लू मोठं होतं, मग व्यायच्या वेळी अडतं.

बायको म्हणे, "काहून उपाशी मारून राहिले तिले?"

"तू पोळ्या पाहा," मी म्हणायचो.

शेवटी तीच शहरातल्या नेपियर टाउनातून जनावरांच्या डॉक्टरीणबाईला ऑटोत घालून घेऊन आली. माझ्या नातीएवढी पोरगी. तिनं मेंढीचं तोंड हुंगलं.

"दादाजी, इसे भूखा क्यों रखा?"

"भूखा? ये पेट देखो!"

"पेट नहीं, पीठ देखिए. हाथ लगाइए."

खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला असताना या बोटांनी सुट्या भागांतला केसाएवढा फरक ओळखला होता. तीच बोटं लोकरीत घातली अन् चटका बसल्यासारखी मागे घेतली. कणा म्हणजे करवत! वर मऊ लोकर, खाली नुसती हाडं.

बाईनं सांगितलं, आत दोन पिल्लं आहेत. पिल्लू सगळ्यात जास्त वाढतं ते शेवटच्या दीड महिन्यातच. तेच जागा अडवतं, मग आईच्या पोटात चारा मावत नाही. तेव्हा थोडा पण कसदार दाणा पाहिजे. नाही मिळाला तर ती आपलंच अंग झिजवून पिल्लांना पोसते. तोंडाला येणारा गोडसर वास त्याचाच.

"बचेगी?"

"देखते हैं," म्हणाली अन् सलाईन लावली.

मी गोठ्यातून हललो नाही. गोड औषध पाजलं, भरडलेला मका मुठीनं पुढे धरला. तिसऱ्या दिवशी मेंढीनं तो माझ्या हातातून ओढला! मी असा ओरडलो की बायको लाटणं घेऊन धावत आली.

आठव्या दिवशी, वेळेच्या आठवडाभर आधीच, भर दुपारी, व्यायली. एक! अन् लगेच दुसरं! दुसरं एवढंसं, श्वासच घेईना. गोणपाटानं घासलं, घासलं, अन् शिंकलं! या वयात मी अंगणात नाचलो.

"अडलं का हो मोठं पिल्लू?" बायकोनं विचारलं. मी मका भरडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल काढून महाराजपूरला गेलो. तिथं एक जण मेंढ्या पाळतो. खुराक तोडायला त्याला मीच शिकवलं होतं. चहा नको म्हटलं. त्याचा हात धरला अन् त्याच्या गाभण मेंढीच्या लोकरीत घातला.