कपिलीच्या कानामागे

देवावर रुसून मी तीन दिवस दिवा लावला नव्हता. माझी कपिली गोठ्यात निपचित पडली होती. आई गेल्यावर तिच्या दावणीची हीच एक गाय माझ्या वाट्याला आली. तिच्या गळ्यात हात टाकला की मला माहेर भेटायचं. आता तिचं अंग तापलं होतं, लघवी लाल होत होती. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली तिले." मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, अंगारा लावून झाला. चौथ्या दिवशी मी देव्हाऱ्यापुढे फणकारले, "तुझी गाय, तुझं तू पाहून घे!"

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचं घर-गोठा भाजीच्या मळ्यातच, आणि मळा वाशिमजवळच्या शिरपूर या जैन तीर्थाच्या रस्त्याला लागून होता. त्याच सकाळी जैन यात्रेकरूंची एसटी तिथे पंक्चर झाली आणि एक म्हातारेबाबा पाणी मागायला आले. पाणी स्वतःच्या फडक्याने गाळून प्यायले, आणि त्यांची नजर गोठ्यात गेली.

"लाल मूत करून राह्यली का?" म्हणत त्यांनी कपिलीची पापणी उलटून पाहिली. पांढरीफटक. मग कान दुमडला. "इथं कधी पाह्यलं का, माय?"

कानामागे एरंडीच्या बियांएवढ्या टम्म गोचिडी! दर सोमवारी मी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावत होते, पण कान कधी उलटला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गोचीडताप आहे हा. जनावराच्या दवाखान्यात जलम गेला माहा. आजच सुई पायजे." तेवढ्यात एसटीचा भोंगा वाजला. सोबती हाका मारू लागले. "दर्शन उद्या होईन," म्हणून ते उलट्या दिशेच्या गाडीने जनावरांचे डॉक्टर आणायला वाशिमला गेले.

"कायले येते तो वापस?" सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण दिवस कलता कलता ते डॉक्टरांच्या फटफटीवर मागे बसून आले. सुई दिल्यावर डॉक्टरांनी गोचिडी काढून रॉकेलात टाकायला सांगितल्या. बाबा पाठ फिरवून उभे राहिले. "मले त्यायच्यातबी जीव दिसते, माय. पण तू काढ."

तिसऱ्या दिवशी कपिलीने माझ्या हातून मेथीची जुडी ओढली, तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून पोटभर रडले. बाबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आज ती गाय नाही, तो मळाही नाही. दारात तिच्या वंशातली एक आहे. देवाला मी अजूनही म्हणते, तुझं तू पाहून घे. पण आधी गोठ्यात जाऊन तिच्या कानामागे हात फिरवून येते, मगच दिवा लावते.