पापड आधी वाळतो ती जागा

वाटणी झाली तेव्हा जनावहिनीला कोणी विचारलं नाही, तुला कुठली जमीन हवी. खालची भातशेती थोरल्या दिरांकडे, सहदेवभाऊंकडे गेली. विहिरीजवळचा तुकडाही त्यांच्याकडेच. वहिनीच्या नावावर आला रस्त्याकडेचा कातळ, अडीच गुंठे काळा खडक. विधवा बाई, पोटी मूल नाही, ती खडकाचं करणार काय, असं सह्या करणाऱ्यांना वाटलं असावं.

तिचा नवरा खोपोलीला कारखान्यात होता. तो जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती दिरांच्या मागच्या पडवीत राहते आणि कळंबला एका रिसॉर्टवर भाकऱ्या थापते. शनिवार-रविवारी तिला मान वर करायला फुरसत नसते. मी शेजारीण. तेवीस वर्षं आम्ही दोघी चैत्रात त्या कातळावर पापड, कुरडया, मिरच्या वाळवतो. त्या खडकाचा एवढाच उपयोग गावाला माहीत होता.

गेल्या दिवाळीनंतर सहदेवभाऊंनी शेतात पाहुण्यांसाठी तंबू उभे केले आणि त्यांना गाड्या लावायला कातळ हवासा झाला. एका संध्याकाळी वहिनी माझ्या ओट्यावर वाल सोलत बसली होती, तिथंच ते आले. बोलले गोडच. कातळावर घर होत नाही, पाया कुठं खणशील, त्यापेक्षा जागा मला वापरू दे, पडवी तुझीच आहे, मरेपर्यंत राहा.

वहिनीने वालावरची नजर काढली नाही. म्हणाली, "मरेपर्यंत ऱ्हायाला जागा नकोय भावजी. जितेपणी ऱ्हायाला हवीय."

मग मात्र गोडवा सरला. अक्षय्य तृतीयेपर्यंत पाया घालून दाखव, नायतर गाड्या लागतील आणि पडवीचंही बघावं लागेल, असं ते बोलून गेले. वहिनी एवढंच म्हणाली, "दाखवते." त्या रात्री माझ्या वहीत मी तेवढंच लिहिलं. देवापुढे दिवा लावताना मात्र धाकधूक होती, कारण पाया कसा घालायचा हे तिला माहीत नव्हतं नि मलाही नव्हतं.

गजा गवंडी आमच्याच गावचा. हात चांगला, पण सगळ्यांना हो म्हणायची खोड. त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, मशीन लावून खडक फोडायचा आणि तीन फूट खाली जायचं. ते वहिनीने ऐकूनही घेतलं नाही. शेजारी विहीर, दणक्याने तिचं बांधकाम हललं तर अख्ख्या आळीने प्यायचं काय? दुसरी वाट, मुरमाचा भराव टाकून सपाटी करायची आणि त्यावर जोतं बांधायचं. सगळे फार्महाऊसवाले तसंच करतात म्हणाला. रस्त्याच्या अंगाला त्याने दोरी धरून चुन्याची रेघही मारली.

वहिनीने ती रेघ पायाने पुसली.

"इथं पापड वाळत नाय," ती म्हणाली.

गजा हसला. म्हणाला, काकी, घर बांधायचंय का पापड घालायचेत? वहिनीने शांतपणे सांगितलं, की या कोपऱ्यात भर चैत्रातही तिन्हीसांजेपर्यंत पापडाची खालची बाजू ओली राहते. खडकाच्या पोटातून ओल येते. पावसात वरचं सगळं पाणी इथूनच उतरतं, तुझा मुरूम दोन पावसांत रस्त्यावर जाईल. मग ती वर उंचवट्याकडे गेली. तिथं पापड दुपारच्या आत कडा मुडपतो. गेरूचा खडा घेऊन तिने तिथंच चार रेघा ओढल्या, एका खोलीएवढ्या.

गजाने हातोडी काढली. खाली मारली तर बद्द आवाज आला. वर मारली तर टणटण. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग तो हसला नाही. पण जागा उतरती आहे, एका टोकाला हातभर फरक पडतो, असं कुरकुरला.

"मग खांब लहानमोठे कर," वहिनी म्हणाली. "परात कलती असली तर मी हात तसा धरते रं, परात नाय तासत बसत."

असं ठरलं. खडक फोडायचा नाही, झाकायचा नाही. त्यात नऊ भोकं पाडून सळ्या रोवायच्या, सिमेंटने पक्क्या करायच्या, त्यांवर आखूड खांब, खांबांवर लादी. पाणी खालून जाईल, त्याची वाट त्याला.

अक्षय्य तृतीयेला पूजा मांडली. सहदेवभाऊ समोर उभे. गुरुजी म्हणाले, भूमिपूजन म्हणजे पाच कुदळी माती काढायलाच हवी. वहिनीने कुदळ मारली. ठिणगी उडाली, कुदळ परत आली.

"बघ," सहदेवभाऊ म्हणाले, "भुईच नको म्हणतेय."

माझ्या हातात हळदकुंकवाचं तबक होतं. मी उपासतापास करणारी बाई, गुरुजींना आजवर उलट शब्द बोललेली नाही. पण देव असा एकाच्या बाजूला ओढलेला मला सोसला नाही. मी विचारलं, "गुरुजी, आपल्या गावदेवीचा पाया कोणी खणला होता?"

देवी उघड्या कातळावर बसलीय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरुजी म्हणाले, छिन्नी आणा. वहिनीने पाच घाव घातले. चिमूटभर भुकटी निघाली, तिला मी हळदकुंकू वाहिलं. तिन्हीसांजेला नऊ सळ्या उभ्या होत्या. सहदेवभाऊ तोवर निघून गेले होते.

आज श्रावणातला दुसरा सोमवार. चार दिवस पाऊस झोडपतोय. वहिनीची खोली पत्र्याखाली उभी आहे. सकाळी सहदेवभाऊंचा निरोप आला, पाण्यात एकटी राहू नकोस, पडवीत ये. वहिनीने चूल पेटवली, चैत्रातले पापड तळले आणि ताट माझ्या हातात दिलं.

"भावजींना म्हणावं, पडवीत सरपण भरा. आन् हे पापड या जागेवरचे शेवटचे हायेत."

मी ताट झाकून नेलं. सहदेवभाऊंनी विचारलं, घरात पाणी शिरलं का? मी म्हटलं, खालून गेलं.