म्हशीची श्वासनळी आणि माझा रूममेट

जनावरांच्या श्वासनळीवर इतकं जिवापाड प्रेम करणारा माणूस अख्ख्या भारतवर्षात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी रूममेट म्हणून आला. दिल्लीच्या मुनिरकात चौथ्या मजल्यावर आमची एक खोली होती. खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत हाताला लागायची. तो नांदेडकडचा, शिकून गुरांचा डॉक्टर झालेला, आणि माझ्यासारखाच कलेक्टर व्हायला दिल्लीला आलेला. परीक्षेला पर्यायी विषय म्हणून त्यानं पशुवैद्यकच घेतलं होतं. अभ्यासक्रम हातभर लांब, पण ह्याची गाडी श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर जी अडकली ती पुढं सरकेचना. कुठल्याही प्राण्याकडे तो वरून म्हणून बघतच नसे. घरमालकिणीचा कुत्रा जिन्यात आडवा आला की थबकून म्हणायचा, "ह्याच्या श्वासनळीचा स्नायू कूर्चेच्या कड्यांच्या बाहेरून असतो बघ. म्हशीचा आतून. काय कमाल आहे यार!" मालकीण खालून ओरडायची, "ए डॉक्टर, मेरे कुत्ते को नजर लगाएगा क्या?"

दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडली की त्याला भरतं यायचं. आम्ही खोकून खोकून अर्धमेले, आणि हा पाठीवर हात फिरवत सांगणार, की नळीत आतून बारीक केस असतात, ते धूळ वर ढकलतात, बिचारे अष्टौप्रहर राबतात. "त्यांचं कौतुक कर, खोकतोस काय नुसता!" चालू घडामोडींच्या नोट्स आणायला करोल बागेत पाठवावं तर हा गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिली घेऊन परतायचा. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेली पेशी तशीच दिसते म्हणे. इतरांच्या भिंतीवर देशाचा नकाशा. आमच्या भिंतीवर घोड्याचं नरडं.

त्याच्या शेवटच्या अटेम्प्टला पेपरात नेमका श्वासनळीच्या अस्तरावरच प्रश्न आला. असं भाग्य आमच्यापैकी कुणालाच कधी लाभलं नव्हतं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मात्र त्यानं पेपर कसा लिहिला ते सांगितलं. आकृतीत एकेका पेशीवरचा एकेक केस त्यानं मन लावून काढला होता, आणि पुढचे दोन मोठे प्रश्न कोरे राहिले होते.

"अरे, चार केस काढून पुढं का गेला नाहीस?" मी ओरडलोच.

तो खरोखर गोंधळला. "अर्धवट कसं सोडणार? मग ती म्हैस श्वास कशी घेणार?"

निकालाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. यादी त्यानं तीनदा वाचली आणि वह्या बांधायला घेतल्या. सुतळीची गाठ मारता मारता म्हणाला, "त्या अस्तरात ना, बघणाऱ्याला पेशींचे पाच-सहा थर वाटतात. पण थर एकच असतो. सगळ्यांचे पाय त्याच जमिनीवर. फक्त सगळ्या वरपर्यंत पोचत नाहीत."

"मग न पोचलेल्यांचं काय होतं?"

"वरची एखादी मेली, तर खालची एखादी वाढून तिच्या जागी जाते."

"आणि बाकीच्या?"

त्यानं गाठ आवळली आणि वह्यांचा दुसरा गठ्ठा पुढं ओढला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तिकडे नांदेडकडे गुरांच्या दवाखान्यात तो म्हशी तपासतो. मला त्याची फार आठवण येते. तो गावी परत निघाला त्या दिवशी स्टेशनवर त्याचा हात धरून काहीतरी बोलायला हवं होतं. मी गाडीच्या डब्यांचे नंबर वाचत उभा राहिलो. माझे अजून दोन अटेम्प्ट शिल्लक होते, आणि त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.