खपली आणि पोळीचा गहू

लोह्याजवळच्या एका गहू संशोधन केंद्रात तुळजाबाई आधी खुरपणीला जायच्या. हात स्थिर, नजर बारीक, म्हणून संशोधक शिवांगीनं त्यांच्या हाती चिमटा दिला. काम नाजूक होतं. कुंडीतल्या पोळीच्या गव्हाच्या कोवळ्या ओंबीतले परागकोष, तिला स्वतःचाच पराग लागू नये म्हणून, एकेक उपटायचे, ओंबीला कागदी पिशवी घालायची आणि दोन-तीन दिवसांनी तिच्यावर खपली या जुन्या गावरान गव्हाचा पराग झाडायचा. खपलीच्या या वाणाचा ऊन सोसायचा गुण पोळीच्या गव्हात आणायचा होता.

"मॅडम, ह्ये दोघं एकमेकाचे कोण?" तुळजाबाईंनी एकदा विचारलं.

"मावशी, हजारो वर्षांपूर्वी खपलीच्या कुळातला गहू आणि एक रानगवत शेतात आपोआप जुळले. त्यातून पोळीचा गहू झाला."

"मंग लगीन कुणी लावलं?"

"वाऱ्यानं."

"आन् आमी हितं चिमटे घेऊन बसून राहिलो!" तुळजाबाई हसल्या.

फेब्रुवारीत एका दुपारी गारा सुरू झाल्या. सगळे शेडकडे पळाले. तुळजाबाई मात्र पिशव्या घातलेल्या कुंड्या आत आणू लागल्या. शिवांगी ओरडत होती, "मावशी, राहू द्या!" पाच-सहा कुंड्या आल्या, पुढच्या खेपेला पाय घसरला आणि उजव्या हाताची दोन बोटं कुंडीखाली चेंगरली.

वाचलेल्या ओंब्यांतून निघालेले दाणे सुरकुतलेले होते. हाताला प्लास्टर असलेल्या तुळजाबाईंनी ते पाहिले.

"ह्याच्यासाठी म्या बोटं मोडून घेतली? कोंडाच हाय ह्यो."

"लांबच्या नात्यातला दाणा असाच निघतो," शिवांगी म्हणाली. आठवडाभर तुळजाबाई केंद्रात फिरकल्या नाहीत.

पुढच्या हंगामात ते दाणे पेरले. थोडेच उगवले, आणि त्यांच्याही बहुतेक ओंब्या पोकळ राहू लागल्या. शिवांगीनं त्यांच्यावर पुन्हा पोळीच्या गव्हाचा पराग टाकायचं ठरवलं. तुळजाबाईंची बोटं आता वाकत नव्हती. त्यांनी चिमटा डाव्या हातात धरला. सुरुवातीला कितीतरी फुलं फाटली. शिवांगीनं त्यांना थांबवलं नाही.

त्यातून मिळालेले दाणे ओळींत पेरले, आणि यंदा मार्चच्या उन्हातही त्यातल्या एका ओळीत दाणा भरला. तुळजाबाईंनी ओंबी चोळून दोन दाणे चावून पाहिले.

"शेतकऱ्याला कवा मिळंल?"

"अजून सात-आठ वर्षं तरी लागतील."

"लई वर्सं झाली की ही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ओळीच्या कापणीला लागल्या.